तीन पाळ्यांचं पाणी

शालिकराम सोमकुवर मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या नळखात्यात वॉलमन होता. गावाला पाणी सोडायची चावी त्याच्याकडे असायची. ही चावी खिशात मावणारी नव्हे. चार फुटांचा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी खाच. सायकलच्या दांडीला ती सुतळीनं बांधून तो पहाटे निघायचा. रस्त्यातल्या झाकणाशी उतरायचा, झाकण बाजूला सरकवायचा, चावी खालच्या वॉलमध्ये घालून अकरा आटे फिरवायचा. अकराव्या आट्याला जमिनीखाली घरघर सुरू झाली की मनगटातलं घड्याळ बघायचा आणि मग बिडी पेटवायचा. आधी बिडी कधीच नाही.

पाण्याचा त्याला कान होता, आणि तो बापाकडून आलेला. बाप चिंधू सावरगावकडच्या एका संत्र्याच्या बागेत ओलिताला होता. उभं आयुष्य त्यानं दुसऱ्याच्या झाडांना पाणी पाजलं. एक आळं भरलं की दांड फोडून पाणी पुढच्या आळ्यात घ्यायचं, एवढंच काम. आळं किती भरलं ते चिंधू बघत नसे, ऐकत असे. शालिकराम त्याच्या मागंमागं हिंडून ते शिकला. सातवी झाली, बाप वारला, आणि एकाहत्तर साली तो नळखात्यात लागला तेव्हा जुना मिस्तरी म्हणाला होता, की हा पोरगा नळाला डॉक्टरसारखा कान लावतो.

बायको पंचफुला मोहगावची. घर बुद्धविहाराच्या मागं, दोन खोल्यांचं. घरामागं तीस हात लांब, पंधरा हात रुंद जागा होती, आणि लग्न झालं तेव्हा तिथं मुरूम, छपराचे फुटके कवेलू आणि एक बाभूळ एवढंच होतं. बाभूळ तोडली. दोन उन्हाळे जाम नदीच्या काठचा गाळ पोत्यात भरून सायकलवर आणला. तिसऱ्या वर्षी पंचफुलानं वांग्याची रोपं लावली, ती जगली, आणि तेव्हापासून दरवर्षी वसंत पंचमी झाली की दोघं घरामागच्या या वाडीत उतरायचे. थंडी ओसरली की ढेमसे, काकडी आणि दोडके टोबायचे. महाशिवरात्रीच्या आत भेंडी आणि बरबटी, म्हणजे चवळी. कुंपणाच्या कडेनं झेंडू. झेंडूची रोपं पंचफुला आधीच फुटक्या टोपल्यात तयार ठेवायची, कारण चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारातल्या हारांची फुलं सोमकुवरांच्या घरून जायची, असं ठरूनच गेलं होतं.

घरात मात्र नळ नव्हता. पंचफुला पहिली काही वर्षं त्यावरून फार बोलली.

"साऱ्या गावाले पानी पाजता, अन् माया दारात टोटी नाही."

"टोटी घेतली तं लोक म्हनतीन, वॉलमनच्या घरी चोवीस तास पानी आहे."

"म्हनू द्या."

"मले नाही म्हनवून घ्यायचं."

मग ती बोलायची थांबली आणि मुलगी मंगलाला घेऊन कोपऱ्यावरच्या सरकारी टोटीवर नंबर लावू लागली.

शहाऐंशी सालची गोष्ट. आदल्या वर्षी पाऊस मुळातच कमी, आणि पोळ्यानंतर तर पडलाच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत दगडफेकीची गोटमार होते, तेव्हाच लोक म्हणत होते, की यंदा जाम नदीत घोटाएवढंही पाणी नाही. जानेवारीत रोजचं पाणी एक दिवसाआड झालं आणि फेब्रुवारी संपेपर्यंत दोन दिवसांआड येऊ लागलं. पाळीला पाऊण तास, एक मिनिट जास्त नाही.

पंचफुला म्हणाली, "यंदा वाडी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी शालिकराम कुंभाराकडून टाकून दिलेली, तडकलेली दहा-बारा मडकी घेऊन आला. प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडलं, भोकात चिंधी कोंबली आणि मडकं गळ्यापर्यंत आळ्यात पुरलं. भोवती बी टोबलं आणि वरून तुरीच्या भुशाचं कुटार पसरलं. न्हाणीतल्या दगडाखालून एक पन्हळ काढली. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मडक्यात. साबणाचं पाणी झेंडूला. मंगला तेव्हा नववीत होती. तिला अंघोळीला एकच बादली मिळायची आणि तीही पन्हळीकडं तोंड करून ओतावी लागायची. ती चिडायची, पण ओतायची.

होळीच्या आधीच मोहल्ल्यातल्या सगळ्या वाड्या वाळल्या. सोमकुवरांच्या वाडीत ढेमशाचे वेल पसरले, भेंडीला फूल आलं, आणि झेंडू तर असा फुलला की रस्त्यावरून जाणारा माणूस कुंपणाशी थांबायचा. थांबणाऱ्यांत रघुनाथरावही होते.

रघुनाथराव वरच्या वार्डातले. शेती होती, संत्र्याची बाग होती, आणि घरापुढं गुलाबाचे दोन वाफे होते. ते त्या वर्षी जळाले होते. माणूस वाईट नव्हता. देवळाच्या कामात पुढं असायचा, कुणाच्या मयतीला आधी हजर. पण आपले गुलाब जळावेत आणि विहारामागच्या वाडीत झेंडू डुलावा, हे काही त्यांना पटेना. त्यांनी कुंपणावरून विचारलं, "कोणतं पानी देतो रे शालिक?"

"न्हानीचं, जी."

"न्हानीच्या पान्यावर एवढं?"

"हो जी."

रघुनाथरावांनी मान हलवली आणि गेले. आठ दिवसांनी नळखात्यात हिंदीत एक अर्ज आला. वॉलमनने आपल्या घरामागे अवैध कनेक्शन घेऊन बगीच्यासाठी पाणी वळवलं आहे, चौकशी व्हावी. खाली बावीस सह्या. तिथल्या कारकून वामन बाबूनं अर्ज शालिकरामला दाखवला आणि हळूच म्हणाला, "साहेब येनार आहेत बेस्तरवारी. घरी राहाशील."

शालिकरामनं सह्या वाचल्या. बावीसातल्या सतरा जणांच्या दारात तो स्वतः कधी ना कधी गळकी टोटी दुरुस्त करायला गेला होता. त्यानं कागद परत दिला आणि संध्याकाळच्या पाळीला गेला.

गुरुवारी उपयंत्री साहेब आले, सोबत दोन मजूर. मोहल्ला भिंतीवर चढून बघत होता. साहेबांनी रस्त्यातल्या लाइनीपासून वाडीपर्यंत काठीनं एक रेघ मारली आणि मजुरांना म्हणाले, "खोदो." रेघ ढेमशाच्या वेलांतून आणि अर्ध्या झेंडूतून जात होती.

पंचफुला दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, हातभर बाजूनं घेता येते. तिथून वेल नाही."

साहेबांना मराठी कळत होती की नाही कोण जाणे. मजूर थांबले. साहेब म्हणाले, "सीधा खोदो."

गुडघाभर खोल, वीस हात लांब चर खणला गेला. त्यात पाइप नव्हता. तीन मडकी फुटली. साहेबांनी एक खापर उचलून बघितलं, त्यातली ओली चिंधी चिमटीत धरली.

"ये क्या है?"

"मटका है, साहब," शालिकराम म्हणाला. "पानी धीरे-धीरे जाता है जड़ में."

साहेबांनी चिंधी टाकली, हात रुमालाला पुसले, वामन बाबूच्या वहीत दोन ओळी लिहिल्या, त्याखाली सही केली. काही मिळालं नाही, असं लिहिलं होतं. मग ते जीपमध्ये बसून गेले. चर बुजवायला मजूर थांबले नाहीत. भिंतीवरचे लोक उतरले. रघुनाथराव गर्दीच्या मागं उभे होते. ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "चौकशी झाली ना, मंग झालं. संशय होता तो गेला," आणि तेही गेले.

शालिकरामला त्या दिवशी राग आला असं कुणाला दिसलं नाही. त्यानं उपटलेले वेल गोळा करून कुणाच्या तरी बकरीला टाकले. रात्री जेवला. सकाळी वेळेवर उठला. वरच्या वार्डाची पाळी होती. अकरा आटे फिरवले, घड्याळ बघितलं, बिडी पेटवली. अर्धा तास झाला आणि त्यानं चावी पुन्हा घातली आणि बंद करून टाकली. पंधरा मिनिटं आधी. आजूबाजूला कोणी नव्हतं. झाकण सरकवताना त्याला छातीत कसं मोकळं वाटलं. घरी येताना तो शीळ घालत होता, आणि मंगलानं ते ऐकून आईकडं बघितलं.

पुढच्या पाळीला पुन्हा पंधरा मिनिटं कमी. त्यानंतरच्या पाळीलाही.

रघुनाथरावांकडून काहीच तक्रार आली नाही. शालिकराम मुद्दाम त्यांच्या दारावरून गेला, तेव्हा ते ओट्यावर बसून दात घासत होते आणि तोंड धुवायला तांब्यावर तांब्या ओतत होते.

चौथ्या पाळीच्या आदल्या दिवशी दुपारी शालिकराम वाडीत चर बुजवत होता. पंचफुला सुटी माती पायानं दाबून त्यावर बरबटी टोबत होती. तेवढ्यात शकुबाई आली. कमरेवर रिकामा पितळी गुंड, डोक्यावर पदर, उन्हानं तोंड लाल. शकुबाई वरच्या वार्डातल्या शेवटच्या गल्लीत राहायची. नवरा तुळशीराम तीन वर्षांपासून लकव्यानं पडून होता. ती घरोघरी जाऊन पापड-कुरड्या करून द्यायची आणि त्यावर दोघांचं चालायचं.

"शालिकभाऊ, आमच्या टोटीले काय झालं जी?" ती कुंपणाला टेकून म्हणाली. "तीन पाळ्या झाल्या. पयल्यांदा अर्धा गुंड भरला. मंग तेवढाही नाही. परवा तं नुसती हवा. फुस फुस करून राहिली."

शालिकराम हातातलं फावडं घेऊन उभा राहिला.

"मी म्हटलं, लाइनीत झाडाच्या मुळ्या गेल्या असतीन. तुमच्याशिवाय कोनाले समजते? आमच्या मानसाचं आंथरून रोज धुवा लागते, तुमाले माईत आहे. विहिरीवर जाऊन राहिली मी. दोन खेपा होते, तिसरीले पाय उचलत नाही."

"पाहातो मी," शालिकराम म्हणाला.

"पाहा बापा. काही घाई नाही, उद्या पाहा."

ती गेली. शालिकराम वळला तर पंचफुला त्याच्याकडं बघत होती. मूठभर बरबटीचं बी तिच्या हातात तसंच होतं.

"किती कमी सोडलं?"

तो फावड्याची माती अंगठ्यानं खरवडू लागला.

"किती?"

"पंधरा मिनटं."

"तिन्ही पाळ्या?"

"हाव."

"रघुनाथरावाचं घर वॉलपासून दुसरं," पंचफुला म्हणाली. "त्यायचं टाकं पयल्या दहा मिनटात भरते. हे मले माईत आहे, मी कधी चावी हातात धरली नाही तरी. तुमाले माईत नव्हतं?"

माहीत नव्हतं असं तो म्हणू शकत नव्हता. त्या वार्डाची लाइन त्याला तळहातासारखी ठाऊक होती. पाणी आधी उताराला, वॉलजवळच्या घरांत जातं. ती भरली की मग पुढं सरकतं, आणि शेवटच्या गल्लीत पोचायला पंचवीस मिनिटं लागतात. शेवटची वीस मिनिटं शकुबाईच्या गल्लीची. त्यातली पंधरा त्यानं काढून घेतली होती. चावी फिरवताना त्याच्या डोळ्यापुढं फक्त रघुनाथराव होते. बापाकडून शिकलेला कान, पंधरा वर्षांची नोकरी, यातलं काहीही त्या वेळी कामाला आलं नाही.

पंचफुलानं बी पदराला बांधलं. घरातल्या रांजणातून दोन पिपे भरले आणि त्याच्यापुढं आणून ठेवले.

"आपल्याले उद्या लागन," तो म्हणाला.

"उद्याचं उद्या पाहू. घेऊन जा."

त्यानं पिपे सायकलला दोन्ही बाजूंनी बांधले आणि चालत शकुबाईकडं गेला. तुळशीराम खाटेवर होता, बोलता येत नव्हतं, पण शालिकरामला बघून त्यानं चांगला हात थोडा वर केला. शकुबाईनं पाणी मोठ्या गंगाळात ओतून घेतलं.

"मुळ्याच होत्या ना?" तिनं विचारलं.

"उद्या येईन पानी," शालिकराम म्हणाला. एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पूर्ण पाऊण तास पाणी सोडलं, वर पाच मिनिटं. पुढं पाऊस लागेपर्यंत दर पाळीला तो चावी बंद करायच्या आधी सायकलवर शेवटच्या गल्लीपर्यंत जाऊन यायचा. शकुबाईचा गुंड भरलेला दिसला की मगच परत फिरायचा.

इथपर्यंत सगळं निस्तरलं असतं. पण शकुबाईला तोंड होतं आणि तिचा घरोघरी वावर होता. कुरड्यांचा घाटा घोटता घोटता ती बायकांना सांगू लागली, की पाहा, त्या मानसावर खोटा अर्ज केला, त्याची वाडी खोदून टाकली, अन् त्यानं रांजनातलं पानी उपसून आमच्या घरी आनलं. असा मानूस पाहिला नाही. आठ दिवसांत ही गोष्ट वरच्या वार्डात सगळीकडं झाली. सह्या करणाऱ्यांतले दोघे-तिघे भेटून म्हणाले, की आम्ही काही वाचलं नव्हतं, रघुनाथराव म्हणाले म्हणून सही केली. एका सकाळी रघुनाथरावांची सून मालती झाकणाशी आली आणि खाली बघत म्हणाली, "मामंजींचं मनावर घेऊ नका जी. शकुबाईनं सांगितलं आम्हाला."

अर्ज खोटा होता, त्यामुळं तो आला तेव्हा शालिकरामची झोप काही मोडली नव्हती. आता मात्र त्याला गावातून जायची चोरी झाली. बायका घोळक्यानं बसलेल्या दिसल्या की तो सायकल दुसऱ्या गल्लीत घालायचा. विहारात जयंतीची तयारी सुरू होती, तिथं कुणीतरी चार लोकांसमोर त्याचं नाव घेतलं, तर तो "फुलं आनतो" म्हणून उठून घरी आला. फुलं त्या वर्षी निम्मीच होती. पंचफुलानं मध्येमध्ये आंब्याची पानं ओवून हार पुरवले. चर बुजवलेल्या जागेत बरबटी आली, ढेमसे काही पुन्हा आले नाहीत.

"सांगून टाका तिले," पंचफुला एकदा म्हणाली.

"आता सांगून काय होते?"

"मंग आयकत बसा."

तो दोन वर्षं ऐकत बसला. मध्ये चांगला पाऊस झाला, रोजचं पाणी पुन्हा सुरू झालं, मंगला दहावी पास होऊन सौंसरला शिवणकामाच्या वर्गाला जाऊ लागली. सत्त्याऐंशीच्या थंडीत तुळशीराम गेला. मयतीला रघुनाथराव होते आणि शालिकरामही होता. दोघांनी तिरडीचा एकेक बांबू धरला.

पुढच्या वसंत पंचमीला शालिकराम वाडीत वाफे करत होता. शकुबाई एकटी पडल्यापासून दुपारी पंचफुलाकडं येऊन बसायची. त्या दिवशी पंचफुला दळणाला गेली होती. शकुबाई कुंपणापलीकडच्या जांभळीच्या सावलीत बसून सुपात मेथी निवडत होती आणि कुणाबद्दल तरी बोलत होती. शालिकरामनं मध्येच कुदळ थांबवली.

"शकुबाई, त्या साली तीन पाळ्या तुमच्या टोटीले पानी नाही आलं."

"हाव. मुळ्या गेल्या होत्या ना."

"मुळ्या नव्हत्या. मीच चावी लवकर बंद केली होती."

शकुबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"काहून?"

"रघुनाथरावाचा राग होता."

"रघुनाथरावाचं घर तं वॉलपाशी आहे."

"हाव."

ती म्हणाली, "नऊ दिवस झाले होते ते. विहिरीच्या पायरीवर पडली होती मी एकदा. ढोपर फुटलं. आमच्या मानसाले सांगितलं नाही, उगाच जिवाले लावून घेतलं असतं त्यायनं." तिनं मेथीच्या काड्या पदरातून झटकल्या, उठली आणि कुंपणाच्या फटीतून निघून गेली. निवडलेली मेथी सुपातच राहिली.

महिनाभर ती आली नाही. तिनं त्याच्याबद्दल कुणाला काही वाईट सांगितलं असंही कानावर आलं नाही. पण स्तुती थांबली. कुरड्यांच्या घरांतून त्याचं नाव निघेनासं झालं आणि लोक हळूहळू ती गोष्ट विसरले. शालिकराम आपल्या नेहमीच्या गल्लीतून सायकल नेऊ लागला. पंचफुलाला त्यानं सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "येईन ती. नाही आली तं तुमी जा."

महाशिवरात्र झाली आणि तिसऱ्या दिवशी शकुबाई आली. बसली नाही.

"दोडक्याचं बी आहे का?"

"आहे." तो घाईनं आत जाऊन पुडी घेऊन आला.

"अन् खड्डेही तूच करून दे. मायाच्यानं कुदळ उचलत नाही."

महिनाभरापूर्वीपर्यंत ती त्याला तुमी म्हणायची. शालिकरामनं कुदळ खांद्यावर घेतली आणि तिच्यामागं गेला. तिच्या घरामागं खाटेएवढीच जागा होती. तुळशीरामची खाट आता बाहेर भिंतीला उभी करून ठेवली होती, आणि वेल तिच्यावर चढवायचे असं तिनं ठरवलं होतं. शालिकरामनं तीन खड्डे खणले. शकुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं तिसऱ्या खड्ड्यात वाकून बघितलं.

"आनखी खोल."

"दोडक्याले एवढं पुरते, शकुबाई."

"मी म्हनून राहिली ना, आनखी खोल."

खाली मुरूम लागला होता. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पुन्हा कुदळ मारली.